पानासकट संत्री

प्रिय वच्छले,

नमस्कार लिहू की आशीर्वाद, असं कामिनीनं विचारलं. मी म्हटलं, आमच्यात दोन्ही नाही, सरळ गुडघ्याचं विचार. तर गुडघा कसा आहे? आता तू म्हणशील, फोन सोडून या बाईले पत्राची हुक्की काहून आली. फोनवर तू आजकाल दोनच गोष्टी बोलते, 'मजेत आहे' आणि 'आवाज येत नाही'. काटोलच्या बाजारात संत्र्याचा लिलाव पुकारणारा माझ्यापुढं पाणी भरेल, असा माझा आवाज, आणि तुलेच तेवढा येत नाही. पत्राले रेंज लागत नाही. तुझा पोरगा रुपराव अंगणात बसून मोठ्यानं वाचेल, सुना हातातली कामं टाकून ऐकतील, आणि गुडघ्यामुळं तुले मधूनच उठून जाता येणार नाही. म्हणून पत्र.

लिहून राहिली आमची कामिनी. मले अक्षर येत नाही, तुलेही येत नाही. शाळा भरायची तेव्हा आपण दोघी शाळेच्या मागं बोरं वेचत होतो, त्याचं हे फळ. माझा पोरगा सुशील सकाळीच सदर बाजारात दुकान उघडायले जातो, आणि त्याचं अक्षर त्याचं त्यालेच लागत नाही. सुनेचं अक्षर मात्र मोत्यासारखं. आमच्या या वसाहतीच्या, लेआउटच्या, फलकावरच्या सगळ्या मनाईच्या सूचना त्याच अक्षरात लिहिलेल्या आहेत, असं लोक सांगतात. पण एक भानगड झाली. मी 'काहून' म्हटलं की ही 'का' लिहायची. मी म्हटलं, मघापासून काय लिहिलं ते वाचून दाखव, तर त्यात माझं काहीच नाही, कोणी तरी मास्तरीण बोलून राहिली. मी म्हटलं, बाई, माझं बोलणं काय तुझ्या लेआउटचा रस्ता आहे, सकाळ-संध्याकाळ झाडायले? शेवटी तडजोड झाली. मले, तुले आणि काहून माझं, बाकी सारं तिचं. तवा मधे कुठं मी फार शहाण्यासारखी बोलली, तर ती मी नाही.

पहिली गोष्ट आमच्या नातीच्या, श्वेताच्या साक्षगंधाची, ज्याले कामिनी साखरपुडा म्हणते. मुलगा बुटीबोरीले कारखान्यात इंजिनियर आहे, सरळ नाकाचा, आणि आमच्या घरी आला तेव्हा दुसऱ्यांदा भात मागून जेवला, म्हणून मले पसंत. तुळशीचं लग्न झालं की लगेच इथंच, लेआउटच्या हॉलमधे करायचं आहे. आमंत्रण तुले गेलं, आणि तू रुपरावच्या तोंडी निरोप पाठवला की गुडघा दुखते, येणं जमणार नाही. वच्छले, या गुडघ्यानं तू मागच्या साली गणपतीच्या डोंगरावर चढून आली आणि वरून मलेच हाका मारत होती. श्वेताले जन्मल्यावर पहिली आंघोळ तू घातली. तिच्या टाळूले तेल तू घातलं. आता तिची ओटी भरायची तर दुसरं कोण भरणार? लेआउटमधल्या बाया आहेत भरायले, पण त्या ओटीचे तांदूळसुद्धा चमच्यानं घालतात.

तू येत नाही, यात माझंही नुकसान आहे. यंदा उन्हाळ्यात कुरड्या झाल्या नाहीत. तू आली नाही तर चीक घोटायचा कोणी आणि गरम-गरम वाटीत घेऊन भांडायचं कोणाशी? आणि झाल्या असत्या तरी वाळवायच्या कुठं, हा प्रश्नच आहे. गच्चीवर वाळवण घालू नये असा नियम झाला. रस्त्यावरून बरं दिसत नाही म्हणे. गच्चीवर सोलरच्या पाट्या उन्हात पडलेल्या चालतात, कुरड्या चालत नाहीत. मी विचारलं, मी म्हातारी उन्हात बसली तर चालते काय? तर सुशील म्हणाला, आई, तुझ्याबद्दल अजून ठराव झाला नाही.

तू या जागेचं जुनं रूप पाहिलं आहे. इथं संत्र्याचा बगीचा होता, आपण लहानपणी बैलबंडीतून नागपूरले येताना इथल्या विहिरीवर पाणी प्यायचो. आता त्याचं नाव इंग्रजीत आहे. मले म्हणता येत नाही, ऑटोवाल्यालेही येत नाही. मी 'जुन्या संत्र्याच्या बगीच्यात' म्हणते आणि तो बरोबर आणून सोडतो. झाडं एकूण एक तोडली, आणि मग आठवण म्हणून गेटवर सिमेंटचं एक मोठं संत्रं बसवलं. ट्रॅक्टरच्या चाकाएवढं आहे. संध्याकाळी आतून दिवा लागतो. खरं झाड लावू, असं मी एकदा म्हटलं होतं, तर उत्तर आलं की फळं पडतात, पानं पडतात, घाण होते. सिमेंटचं पडत नाही. पडलं तर मात्र दोघं-तिघं जातील.

पण एक गोष्ट आधी सांगते, नाहीतर तुले वाटेल मी सुनेच्या हातूनच सुनेची निंदा लिहून घेऊन राहिली. आम्ही इथं राहायले आलो तेव्हा कोपऱ्यावर एवढा मोठा उकिरडा होता, डुकरं लोळायची. मोठमोठ्या गाड्यांतली माणसं काच वर करून जायची. एका रविवारी कामिनीनं ड्रेसची ओढणी कमरेले बांधली, फावडं घेतलं आणि एकटी जाऊन उभी राहिली. मग दोन बाया आल्या, मग पलीकडच्या वस्तीतल्या पोरी आल्या, दुपारपर्यंत जागा साफ. तिथं आता कडुनिंब आहे, चांगला पुरुषभर वाढला. महापालिकेच्या दारात चपला झिजवून हिनंच रस्त्यावर दिवे आणले, कचऱ्याची गाडी रोज यायले लावली. त्या रविवारी ही घरी आली तेव्हा नखांत काळं होतं, केसांत काय काय होतं, आणि हसत होती. माझी छाती गजभर फुगली होती. मी शेजारणीले म्हटलं, ही आमची सून. (हे लिहिताना ती म्हणते, आई, हे नको. मी म्हटलं, लिही, पुढं लागणार आहे.)

मग ती सेक्रेटरी झाली, आणि अध्यक्ष झाले मनोहरराव. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला माणूस. कुत्र्याशी इंग्रजीत बोलतात, गार्डाशी हिंदीत आणि बायकोशी बोलतच नाहीत. हाताखाली माणसं राहिली नाहीत तर त्यांनी हाताखाली लेआउट घेतला. त्यांचं म्हणणं असं की घाण दोन तऱ्हेची असते, एक गाडीत घालून नेता येते ती आणि दुसरी पायानं चालत येते ती. म्हणून लेआउटले दोन गेट झाले. पुढचं ते मेन गेट. मागचं, नाल्याकडचं, त्याले 'सेवा द्वार' असं नाव दिलं, जसं काही तिथं देवाचा प्रसाद मिळते. भांडेवाल्या, भाजीवाले, दूधवाला, प्लंबर, सारे तिकडून. मार्तंड म्हणून गेटवर गार्ड आहे, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, संध्याकाळी मी त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसते. त्याले मी विचारलं, कोणाले कुठून सोडायचं हे तुले कळते कसं गा? तो म्हणाला, सोपं आहे बाई, ओझं गाडीत असलं तर पुढून, डोक्यावर असलं तर मागून.

या वर्षी शिमग्याच्या आधी शहरातल्या वसाहतींची स्पर्धा होती, सगळ्यात सुंदर वसाहत कोणती अशी. मनोहररावांनी पहिल्या बक्षिसासाठी जागासुद्धा रंगवून ठेवली. बागेले कुलूप लागलं, गवत तुडवलं जाऊ नये म्हणून. पोरं बाहेर उभी राहून झोक्याकडं पाहायची, आणि झोका एकटाच हलायचा. नाल्यापलीकडची वस्ती दिसू नये म्हणून हिरव्या कापडाचा पडदा बांधला. वस्तीतल्या बायांनी त्यावर पलीकडून चादरी वाळत घातल्या, वारा आला की आमच्या पडद्याले पोट सुटायचं. परीक्षक यायच्या दिवशी मले सांगण्यात आलं की आई, तुम्ही आज गेटवर बसू नका, वर टीव्ही पाहा. कामिनीनं मोतिया रंगाची साडी नेसली होती, हातात फुलं. सुंदर दिसत होती. नखं स्वच्छ होती.

निकालाचं तू ऐकलं नसशील. साऱ्या खात्यांत गुण चांगले पडले, पण 'लोकांचा सहभाग' म्हणून एक खातं होतं त्यात भोपळा. परीक्षकांनी लिहिलं की बाग उत्तम आहे, पण बागेत माणूस दिसला नाही. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. काय मिळालं सांग? कचऱ्याचे दोन डबे. एक हिरवा, एक निळा. मनोहररावांनी त्यांना हार घातले, सिमेंटच्या संत्र्याखाली ओटा बांधून त्यावर ठेवले, आणि त्यात कोणी कचरा टाकू नये म्हणून मार्तंडले पहाऱ्यावर ठेवलं. बक्षीस आहे, खराब होईल म्हणे. लोक चिप्सची पाकिटं घेऊन येतात, डब्याजवळ थांबतात, मार्तंड नाही म्हणतो, मग ते डब्याच्या बाजूले टाकून जातात. तो ते उचलतो आणि खिशात ठेवतो. वच्छले, माझं एवढं आयुष्य गेलं, पण कचऱ्याच्या डब्याले कचऱ्यापासून वाचवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

हसली ना? हस. आता पुढचं ऐक. रुपराव, पुढचं जरा हळू वाच.

त्या स्पर्धेच्या संध्याकाळी कामिनी घरी आली, आणि तिनं माझ्यापुढं चार संत्री ठेवली. पाहुण्यांसाठी आणलेल्यांतली उरली म्हणे. मी एक हातात घेतलं. देठ कात्रीनं कापलेला, वर दोन पानं. वच्छले, बाजारचं संत्रं मजूर हातानं पिळून तोडतात, पान ठेवायची फुरसत कोणाले असते? ट्रकात भरलेल्या संत्र्याले पान नसते. पान ठेवते ती तू, आणि तुझ्याआधी तुझी सासू ठेवायची. आपल्या माणसाकडं न्यायचं संत्रं तुम्ही एकेक कापता, दोन पानं ठेवून, म्हणजे घेणाऱ्याले कळावं की हे त्याच्यासाठी तोडलं. एवढी वर्षं मी तुझ्या हातचं दुसऱ्या तऱ्हेचं संत्रं पाहिलं नाही. ते सोललं, एक फोड तोंडात टाकली. तुझ्या बगीच्यातल्या विहिरीजवळच्या झाडाचं होतं, बिनआंबट, सालीले ढिलं. मी कामिनीले विचारलं, कुठून आणली? ती म्हणाली, समितीनं मागवली असतील, आणि आत जाऊन साडी बदलत बसली. पुष्कळ वेळ बसली.

मग दुसऱ्या दिवशी मार्तंडनं मले सारं सांगितलं. तो बिचारा रात्रभर झोपला नव्हता. तू काटोलच्या बसमधून फाट्यावर उतरली, डोक्यावर थैली घेऊन नेहमीसारखी मेन गेटवर आली. तिथं परीक्षकांची गाडी थांबत होती. मार्तंडनं तुले मागून जायले सांगितलं. तू म्हणाली, अरे, ती काय उभी आहे, ती आमचीच सून आहे, तिले विचार. मनोहररावांनी मागं वळून विचारलं, हे कोण? आणि आमच्या कामिनीनं, हातातली फुलं न हलवता, गोड आवाजात सांगितलं, "मावशी, मागच्या गेटनं या हं."

मावशी ती तुले पहिल्यापासून म्हणते. श्वेताच्या वेळी हिची आई नव्हती, तवा सव्वा महिना तू इथं राहिली. हिची कंबर शेकली, हिले अळीवाची खीर खाऊ घातली, पोरीले रडू आलं की हिच्याआधी तू उठायची. तेव्हा ही 'मावशी' म्हणायची. त्या दिवशीही तोच शब्द वापरला, पण भांडेवालीले वापरतात तसा. तू थैली तिथंच गेटच्या पायरीजवळ ठेवली आणि फाट्यावर जाऊन परतीच्या बसले हात केला. मी वर टीव्हीवर कोणाची तरी सासू कोणाच्या तरी सुनेले छळताना पाहत होती.

आणि तुझ्या थैलीचं काय झालं, ते तर तुलेही माहीत नाही. मनोहररावांना वाटलं, सेक्रेटरीबाईंनी स्वागताले आणली. त्यांनी परीक्षकांना एकेक संत्रं वाटलं, ही आमच्या लेआउटची परंपरा म्हणून. मोठे परीक्षक होते त्यांनी नाकाशी धरलं आणि विचारलं, असं संत्रं फार वर्षांत पाहिलं नाही, हे तुमच्या कोणत्या झाडाचं? मनोहररावांनी बोट वर केलं. वर सिमेंटचं होतं. आम्हाले जे काही गुण मिळाले, त्यातले बरेच तुझ्या संत्र्याचे असतील, तवा ते दोन डबे खरं म्हणजे तुझे आहेत. येशील तेव्हा एक घेऊन जा. निळा घे.

इथं कामिनीचं पेन थांबलं आहे. मी विचारलं, शाई संपली काय? ती नाही म्हणाली. रुपराव, कागदावर इथं कुठं तरी एक ठिपका पडला आहे, तो अक्षरातला नाही, तो वाचायचा नाही.

आता पत्र काहून लिहिलं ते सांगते. गेटवरचं तुले सगळंच माहीत होतं, तू तिथं उभी होती. मलेही माहीत होतं. मग मी हे इतकं सविस्तर कोणाले सांगून राहिली? जिच्या हातात पेन आहे तिले. श्वेता पुढच्या आठवड्यात येणारच आहे, तिच्याकडून पत्र लिहून घेता आलं असतं. पण मी वाट पाहिली की ही आपणहून सांगेल. पोळा गेला, गणपती गेले, दसरा गेला, हिनं सांगितलं नाही, फक्त माझ्यासमोर संत्रं खाणं सोडलं. मी तोंडावर बोलली असती, तर ही चटकन 'सॉरी आई' म्हणाली असती आणि मोकळी झाली असती. ती सॉरी मले ठेवायले जागा नाही, ती तुझी आहे. ऐकणाऱ्याले कान झाकता येतात, लिहिणाऱ्याले मात्र एकेक अक्षर हातानं काढावं लागतं. हात तिचा चांगला आहे, वच्छले. उकिरडा उचलणारा हात आहे. मधे जरा साडीच्या पदरात अडकला होता. साक्षगंधाले तू ये. संत्र्याचा आंबिया बहार तोडणीले आला असेल, थैलीभर आण, पानासकट. आता ती म्हणून राहिली की आई, खाली मले दोन ओळींची जागा ठेवा. ठेवली. ती तिथं काय लिहिते, ते मले वाचता येणार नाही, आणि ती मले वाचून दाखवणार नाही, असं तिच्या तोंडावरून दिसते. तू ऐकशील. ऐकलं की मले फोन कर. आणि या वेळेस आवाज येत नाही म्हणू नको.

वाटीतल्या चिकासाठी अजून तुझ्याशी भांडायले तयार असलेली,
तुझीच,
कौतिकी

वच्छलामावशी, त्या दिवशी मी तुम्हाला ओळखलं होतं. साक्षगंधाच्या सकाळी फाट्यावर बसपाशी मी उभी असेन, थैली माझ्या डोक्यावर द्या, आपण दोघी मेन गेटनं आत जाऊ. संत्री तिथंच ओट्यावर बसून खाऊ. सालं टाकायला दोन डबे आहेत.
कामिनी